रूट कॅनालनंतरचं दुखणं आणि फाइलची चाल: प्रकल्प नोंदी, म्हापसा

१० जून २०२४, सोमवार

प्रश्न एकच. खालच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दाढेची रूट कॅनाल एकाच बैठकीत पूर्ण केली, तर कॅनाल घडवण्याच्या पद्धतीमुळे नंतरच्या दुखण्यात फरक पडतो का? गट तीन: हाताच्या के-फाइल्सने (फाइल म्हणजे कॅनाल खरवडून रुंद करणारी सुईसारखी बारीक कानस) स्टेप-बॅक (टप्प्याटप्प्याने मागे येत जाड फाइल लावणं), प्रोटेपर गोल्ड, म्हणजे एकाच दिशेने सलग फिरणारी रोटरी, आणि रेसिप्रोक, म्हणजे मागे-पुढे फिरणारी एकच फाइल. निकेल-टायटॅनियमची पहिली हाती फाइल १९८८ मध्ये मांडली गेली. रोटरी फाइल मागे-पुढे चालवून एकाच फाइलमध्ये काम उरकण्याची कल्पना २००८ ची, आणि त्यासाठी खास बनवलेल्या रेसिप्रोक व वेव्हवन २०११ मध्ये बाजारात आल्या. उत्तर गोव्यातल्या दवाखान्यांत आज तिन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालतात, त्यामुळे प्रश्न पुस्तकी नाही.

दुखण्यामागचं कारण पद्धतीच्या नावात शोधण्यात अर्थ नाही. मुळाच्या टोकापलीकडे काय आणि किती गेलं, यावर दुखणं ठरतं: डेंटिनचा चुरा, पल्पचे (दाताच्या गाभ्यातल्या मऊ भागाचे) तुकडे, हायपो (कॅनाल धुण्याचं सोडियम हायपोक्लोराइट), कधी फाइल स्वतःच. स्टेप-बॅकमध्ये फाइल वर-खाली ओढली जाते आणि अरुंद कॅनालमध्ये पिस्टनसारखी चुरा खाली दाबते. सलग फिरणाऱ्या फाइलच्या खाचा चुरा तोंडाकडे वर आणतात. रेसिप्रोक १५० अंश डावीकडे कापते, ३० अंश उजवीकडे सुटते, म्हणजे तीन फेऱ्यांत एक पूर्ण वळसा. खाचा भरल्यावरही ती तशीच पुढे रेटली, तर चुरा वर यायला वाव राहत नाही.

आजवरच्या तुलनांमध्ये हाताच्या फाइल्सपेक्षा रोटरीनंतर दुखणं कमी, असा बऱ्याच अभ्यासांचा कल आहे. रोटरी विरुद्ध रेसिप्रोक या लढतीत मात्र निष्कर्ष दोन्हीकडे विखुरले आहेत. आमच्या मते त्याचं मोठं कारण असं, की गटागटांत फाइलबरोबर आणखी चार गोष्टी बदललेल्या असतात. त्या चार गोष्टी एकेक करून बांधून टाकणं हेच या प्रकल्पाचं निम्मं काम.

१४ जून

आधी टेबलावरची चाचणी. ऑर्थोसाठी (दात सरळ करण्यासाठी) काढलेले एका कॅनालचे प्रीमोलर (उपदाढा), टोक पूर्ण बनलेले. पद्धत मायर्स आणि माँटगोमेरी यांची, १९९१ ची: एपेनडॉर्फ ट्यूब आधी रिकामी तोलायची, झाकणाला भोक पाडून त्यात दात सायनोअ‍ॅक्रिलेटने चिकटवायचा, बाजूने २७ गेजची सुई खुपसून आतली-बाहेरची हवा सारखी करायची. ट्यूब मोठ्या बाटलीत ठेवून बाटलीला फॉइल गुंडाळायची, म्हणजे काम करणाऱ्याला टोकातून काय बाहेर पडतंय ते दिसत नाही. काम झालं की मुळाला चिकटलेला चुरा १ मिली डिस्टिल्ड वॉटरने ट्यूबमध्येच धुवायचा. ७० अंशांवर पाच दिवस सुकवायचं आणि पुन्हा तोलायचं.

धुवायला इथे हायपो वापरायचा नाही. तो सुकल्यावर मिठाचे स्फटिक मागे ठेवतो आणि तराजू त्यांनाच चुरा समजतो.

२१ जून

ट्यूब सुकल्या, पण वजन स्थिर राहत नाही. कारण सरळ आहे, बाहेर पाऊस कोसळतोय. ट्यूबचं वजन साधारण एक ग्रॅम, आतला चुरा मिलिग्रॅमच्याही आत. ओव्हनमधून काढलेली ट्यूब उघड्या हवेत ठेवली की प्लास्टिकवर आणि चुऱ्यावर ओल बसते, आणि तराजूच्या शेवटच्या दोन घरांतला आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. एका ट्यूबमध्ये तो चढ खऱ्या चुऱ्याच्या बरोबरीचा असू शकतो. मे महिन्यात आणि जुलैमध्ये केलेली हीच चाचणी दोन वेगळी उत्तरं देईल, आणि दोष फाइलच्या माथी जाईल.

उपाय असा ठरला. ओव्हनमधून ट्यूब थेट सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, २४ तास. जेल निळं असेल तरच वापरायचं, गुलाबी पडलं की भट्टीत तापवून पुन्हा निळं करायचं. तराजूच्या पेटीतही जेलची वाटी. ट्यूब चिमट्यानेच धरायची. बोटांचा घाम आणि हातमोज्यांची स्थिर वीज, दोन्ही आकडा हलवतात. प्रत्येक खेपेला तीन कोऱ्या ट्यूब: दात नाही, फक्त १ मिली डिस्टिल्ड वॉटर, बाकी प्रवास सगळा तोच. कोऱ्या ट्यूबचा सरासरी फरक बाकीच्यांतून वजा करायचा. प्रत्येक ट्यूब तीनदा तोलून सरासरी.

या चाचणीची मर्यादाही इथेच लिहून ठेवलेली बरी. जिवंत माणसाच्या मुळाभोवती हाड आणि लिगामेंट (दाताला हाडाशी बांधणारा धागेदार पडदा) असतं, त्याचा उलटा दाब असतो. ट्यूबमध्ये टोकाखाली नुसती हवा, म्हणून इथे प्रत्यक्षापेक्षा जास्त बाहेर पडतं. काहीजण टोकाभोवती १.५ टक्के अगर लावून तो दाब आणायचा प्रयत्न करतात, पण मग वजनाची पद्धत अडचणीत येते. आम्ही ट्यूबचे आकडे फक्त हात बसवण्यासाठी वापरणार: एकाच पद्धतीत दोघा डॉक्टरांचा चुरा सारखा पडतो का, एवढंच पाहायचं. रुग्णाच्या दुखण्याचा अंदाज त्यावरून बांधायचा नाही.

२ जुलै

मापं जुळवली. हाताने २५ नंबरपर्यंत नेलेला कॅनाल आणि २५ नंबर, ८ टक्के टेपरचा कॅनाल यांची तुलना आंधळेपणाने करता येत नाही. (नंबर म्हणजे टोकाची जाडी, मिमीच्या शंभराव्या भागांत; टेपर म्हणजे टोकाकडून वर जाताना वाढत जाणारी जाडी.)

मेसिअल (दाढेच्या पुढच्या मुळातले) कॅनाल सगळीकडे टोकाला २५. प्रोटेपर गोल्डमध्ये एफ-२ (शेवटच्या ३ मिमीत २५/०.०८), रेसिप्रोकमध्ये आर-२५ (तेच माप), हाताने २५ नंबर के-फाइल. डिस्टल (मागच्या मुळातला) ४०: एफ-४ (४०/०.०६), आर-४० (४०/०.०६), हाताने ४० नंबर. हाताच्या गटात दर १ मिमी मागे येऊन पुढचा नंबर घेतला की टेपर ५ टक्के बसतो, दर अर्ध्या मिमीला मागे आलं तर १० टक्के. आम्ही १ मिमी ठेवलं, कारण दवाखान्यात तसंच केलं जातं. उरलेला फरक त्या पद्धतीचाच भाग मानायचा, आणि निष्कर्षाबरोबर लिहायचा.

तिन्ही गटांत मोटर लावण्याआधी १० आणि १५ नंबर के-फाइलने वाट मोकळी करायची. रेसिप्रोकला अशी वाट करावीच लागते असं नाही, असं उत्पादक सांगतात. पण एका गटात १५ नंबर गेली आणि दुसऱ्यात नाही, तर तो आणखी एक फरक होऊन बसेल.

रेसिप्रोकची फाइल एका दाढेला एकच. तिच्या मुठीवरचं प्लास्टिकचं कडं ऑटोक्लेव्हमध्ये फुगतं आणि फाइल हँडपीसमध्ये बसत नाही, म्हणून तो मोह आपोआप टळतो. प्रोटेपर गोल्डला असं कडं नाही. तिथे नियम आपणच पाळायचा, एक संच एक दाढ. बोथट फाइल कापत नाही, दाबते.

मोटरचा प्रोग्रॅम प्रत्येक वेळी मोठ्याने वाचून सुरू करायचा. रेसिप्रोकच्या खाचा उलट्या दिशेच्या आहेत. ती चुकून सलग उजव्या फिरकीवर लागली तर कापतच नाही, आणि कापत नाही म्हणून हात नकळत जोर लावतो.

९ जुलै

धुणं. १९७५ पासून माहीत आहे की कॅनाल कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी सोडून काम केलं तर टोकापलीकडे जास्त चुरा जातो. तरी धुतल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून प्रमाण बांधायचं.

नेहमीचा नियम ‘फाइल बदलली की २ मिली’. पण एका गटात पाच-सहा फाइल्स आणि दुसऱ्यात एकच, तर धुण्याचं प्रमाण पाच-सहापट बदलतं. त्याऐवजी प्रत्येक कॅनालला एकूण ठरीव: घडवताना ३ टक्के हायपो १० मिली, मग १७ टक्के ईडीटीए (भिंतीवरचा चुऱ्याचा थर काढणारं द्रव) ३ मिली एक मिनिट, पुन्हा हायपो ३ मिली, शेवटी सलाइन ५ मिली. रेसिप्रोकमध्ये दर तीन टोच्यांनी (टोचा म्हणजे फाइलचं एकदा आत-बाहेर) फाइल बाहेर काढून स्पंजवर पुसायची, २ मिली धुवायचं, १० नंबर फाइल लांबीपर्यंत (कॅनालमध्ये फाइल जिथवर न्यायची तिथवर) फिरवायची. टोचा ३ मिमीपेक्षा लांब नको.

सुई ३० गेज, टोक बंद, बाजूला भोक. लांबीच्या २ मिमी अलीकडे रबरचा थांबा. सुई कॅनालमध्ये सैल हलली पाहिजे. ती अडकली की भोक बाजूला असूनही द्रव वर परतायला जागा राहत नाही. ५ मिली सिरिंज अंगठ्याने न दाबता तर्जनीने, ५ मिलीला निदान एक मिनिट. हे शेवटचं कलम सर्वात आधी विसरलं जातं, कारण रुग्ण ताटकळलेला असतो. सहायकाने घड्याळ मोठ्याने वाचायचं.

हायपोची ताकद: बाटलीवर ३ टक्के लिहिलंय म्हणून ३ टक्के असतंच असं नाही. उघडी बाटली, उजेड आणि गोव्याचा उकाडा यांत क्लोरीन उडून जातो. महिन्यातून एकदा थायोसल्फेटने तपासायचं. ०.१ नॉर्मल थायोसल्फेटचा १ मिली म्हणजे ३.७२२ मिलिग्रॅम सोडियम हायपोक्लोराइट. १ मिली हायपोत पोटॅशियम आयोडाइड आणि अ‍ॅसेटिक आम्ल घालायचं, पिवळा रंग फिका होत आला की स्टार्च, मग निळा जाईपर्यंत थेंब थेंब. ३ टक्क्यांना ८ मिलीच्या किंचित वर लागायला हवं. ६.५ मिलीवर रंग गेला तर हातात सुमारे २.४ टक्के आहे. बाटली गडद रंगाची, फ्रिजमध्ये, उघडल्याची तारीख झाकणावर.

१६ जुलै

लांबी. एवढ्या सगळ्यात ही नोंद सर्वात महत्त्वाची वाटते. फाइल कोणतीही असो, ती अर्धा मिमी पलीकडे गेली की पद्धतींची तुलना तिथेच संपते.

लांबी नेमकी कुठे हरवते:

कप्स (दाढेचा वरचा उंचवटा) घासल्यावर. दुखरी दाढ चावताना लागू नये म्हणून उंची कमी करायची असेल, तर ती लांबी घेण्याआधीच. आधी लांबी घेऊन मग कप्स १ मिमी घासला तर संदर्भाचा बिंदूच खाली आला, आणि थांबा जुन्या खुणेवर ठेवून फाइल १ मिमी पलीकडे गेली. म्हणून क्रम ठरला: बधिरता, उंची कमी, आर्टिक्युलेटिंग पेपरने (चाव्याच्या खुणा उमटवणाऱ्या कागदाने) तपासणी, रबर डॅम (दाढ वेगळी ठेवणारा रबरी पडदा), दाढेचं तोंड उघडणं, लांबी. उंची सगळ्याच दाढांची कमी करायची. १९९८ च्या अभ्यासात जिवंत पल्प, आधीचं दुखणं आणि ठोकल्यावर दुखणाऱ्या दातांना याचा फायदा दिसला होता; आमचे बहुतेक रुग्ण त्याच वर्गातले, आणि सगळ्यांवर नंतर कॅप बसणारच आहे.

वरचा भाग रुंद केल्यावर. वाकड्या मेसिअल कॅनालमध्ये तोंडाकडचा भाग मोकळा झाला की वाट सरळ होते आणि लांबी थोडी घटते. सुरुवातीला १० नंबरने घेतलेला आकडा शेवटपर्यंत धरून बसलं तर शेवटची, सर्वात जाड फाइल नेमकी पलीकडे जाते. म्हणून अ‍ॅपेक्स लोकेटर (मुळाचं टोक कुठे ते विजेने दाखवणारं यंत्र) दोनदा: वरचा भाग रुंद केल्यावर, आणि शेवटच्या फाइलच्या आधी. ०.० दाखवल्यावर अर्धा मिमी वजा.

लोकेटर स्वतः चुकतो तेव्हा. चेंबर (दाढेच्या आतली पोकळी) हायपोने तुडुंब असेल, किंवा फाइल जुन्या चांदीच्या भरावाला टेकली, तर आकडा लवकर येतो. चेंबर कापसाने टिपायचं, कॅनाल ओला राहू द्यायचा. काटा नाचत असेल तर मोठी फाइल लावायची, आकड्याची सरासरी काढायची नाही. शंका असेल तिथे आरव्हीजी (संगणकावर दिसणारा एक्स-रे).

आणि रबरचा थांबा. तो तिरका बसतो, एक-दोनदा पुसताना सरकतो. एंडो ब्लॉकवर दर वेळी माप, डोळ्याच्या अंदाजाने नाही.

२३ जुलै

बधिरता: खालच्या नसेला २ टक्के लिग्नोकेन, अ‍ॅड्रेनालिन १:८०,०००, १.८ मिली. पुरली नाही तर बाहेरून ४ टक्के आर्टिकेन. लिगामेंटमध्ये सुई देणं वर्ज्य, कारण त्या सुईनेच पुढचे दोन दिवस चावताना दुखतं. देणं भागच पडलं तर द्यायचं. रुग्णाला तळमळत ठेवून संशोधन होत नाही. पण तशी नोंद करायची आणि विश्लेषणात तो रुग्ण वेगळा दाखवायचा. ब्युपिव्हाकेन नाही, ते आठ तासांवर टिकतं आणि संध्याकाळचं दुखणं झाकतं. लिग्नोकेननेही ओठ तीन ते पाच तास जड राहतो, म्हणून ४ तासांचा आकडा घ्यायचाच नाही.

३० जुलै

दुखण्याचं मोजमाप. १०० मिमी रेषेचं कार्ड छापून आणलं आणि पट्टी लावली, तर रेषा १०० ची नाही: छापताना पान ‘फिट’ केलं की रेषा आखडते, झेरॉक्सची झेरॉक्स काढली की आणखी. शिवाय साखळी-वाळपईच्या माणसाला फोनवर रेषेवर खूण करायला सांगता येत नाही. म्हणून ० ते १० आकडा, कार्डावरही आणि फोनवरही. कार्ड मराठीत, कोंकणीत (देवनागरी आणि रोमी) आणि इंग्रजीत.

वेळा ६, १२, २४, ४८, ७२ तास आणि सातवा दिवस. रुग्ण फक्त सकाळी ९ ते ११.३० मध्ये घ्यायचे. दुपारी केलेल्या दाढेचे १२ तास मध्यरात्रीनंतर भरतात, आणि झोपलेल्या माणसाचा आकडा सकाळी आठवणीतून येतो.

फोनवर दोन प्रश्न, शब्द न बदलता. ‘काही न चावता, तोंड मिटून बसल्यावर आत्ता किती दुखतं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं.’ मग, ‘दात हलकेच एकमेकांवर टेकवल्यावर किती?’ त्यानंतरच गोळीची विचारणा. ‘फार दुखत नाही ना?’ असं कोणीही विचारायचं नाही, त्यात उत्तर आधीच भरलेलं असतं. फोन करणाऱ्याला गट माहीत नसेल.

गोळी एकच: आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ, दुखलं तरच, जेवणानंतर. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेले रुग्ण मुळातच घ्यायचे नाहीत. येण्याआधीच्या १२ तासांत फार्मसीतून वेदनाशामक घेऊन आलेल्यांनाही या अभ्यासात नाही, उपचार अर्थातच द्यायचे. गोळ्यांची पट्टी मोजून द्यायची, सातव्या दिवशी परत मोजायची.

घरी जाताना सांगायचं: तीन दिवस त्या बाजूने चावायचं नाही, आणि पोदेराचा उंडो (बेकरीवाल्याचा गोल पाव) तर नाहीच. त्याची कडक पापडी तात्पुरत्या सिमेंटवर भारी पडते, कड गेलेल्या दाढेला चीर जाऊ शकते. मग तिसऱ्या दिवशी वाढलेलं दुखणं रूट कॅनालचं की चिरेचं, हे सांगता येत नाही. सिमेंट निदान ३.५ मिमी जाड.

६ ऑगस्ट

संख्या. २४ तासांचं बसल्याजागचं दुखणं हा मुख्य आकडा. दीड अंकाचा फरक पकडायचा, पसारा (स्टँडर्ड डेव्हिएशन) २ अंकांचा धरला. तीन जोड्या तुलनेत असल्याने अल्फा (योगायोगाला फरक समजण्याची मुभा) ०.०५ भागिले ३, ताकद (खरा फरक पकडण्याची शक्यता) ८० टक्के: गटाला ३८. दुखण्याचे आकडे घंटेच्या आकारात बसत नाहीत, शून्याकडे गर्दी असते, म्हणून क्रमावर आधारित चाचणीसाठी ०.८६४ ने भागून ४४. दहा टक्के गळती धरून ४९. गटाला ५०, एकूण १५०. दोघे डॉक्टर, दोघेही तिन्ही पद्धती करणार. गट ठरवणाऱ्या चिठ्ठ्या डॉक्टरनिहाय, ३ आणि ६ च्या मिसळलेल्या गठ्ठ्यांत, अपारदर्शक लिफाफ्यांत. लिफाफा उघडायचा तो लांबी घेऊन झाल्यावर. आधी उघडला तर अवघड कॅनाल दिसताच निवड बदलण्याची वाट राहते.

रुग्ण: वय १८ ते ६०, सिम्प्टोमॅटिक इर्रिव्हर्सिबल पल्पायटिस (पल्पची दुखणारी, बरी न होणारी सूज), थंड स्प्रेने उठलेली कळ रेंगाळणारी, टोकाशी काळी सावली नाही, श्नायडरच्या पद्धतीने मोजलेला कॅनालचा वाक ३० अंशांपर्यंत. मेलेला पल्प आणि पुन्हा केलेली रूट कॅनाल बाहेर, कारण तिथे जंतूंचा हिशेब वेगळा.

२० ऑगस्ट

एथिक्स समितीची मंजुरी हातात. सीटीआरआयवर (भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत) नोंद पहिल्या रुग्णाआधीच झाली पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद घेत नाहीत.

चवथ (गणेश चतुर्थी) ७ सप्टेंबरला. त्या आठवड्यात माणसं मूळ घरी, फोनची रेंज कुठे आहे कुठे नाही, जेवणाचं वेळापत्रक निराळं, आणि करंज्या-नेवऱ्या समोर असताना तीन दिवस एका बाजूने चावा म्हणणं व्यर्थ. सात दिवसांचा पाठपुरावा चवथीवर पडू नये म्हणून भरती चवथीनंतरच.

१९ सप्टेंबर

भरती सुरू. पावसात वीज जाते तेव्हा मोटर बॅटरीवर चालते, पण लोकेटर आणि आरव्हीजी यांचंही पाहावं लागतं; यूपीएस फक्त आरव्हीजीच्या संगणकाला. मध्येच वीज गेली आणि काम दुसऱ्या बैठकीवर ढकललं तर तो रुग्ण त्याच गटात राहतो, ‘एक बैठक मोडली’ अशा शेऱ्यासह. वगळायचा नाही.

अचानक तीव्र कळ, कॅनालमधून रक्त, गालावर झपाट्याने सूज, मग काळंनिळं: हायपो पलीकडे गेल्याची ही लक्षणं. धुणं तिथेच थांबवायचं, समितीला कळवायचं, दुखण्याच्या तक्त्यात न मिसळता प्रतिकूल घटना म्हणून वेगळं लिहायचं.

८ ऑक्टोबर

विश्लेषणाचा आराखडा गट उघडण्याआधी कुलूपबंद केला. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात उपचाराआधी दुखणारे ८१ टक्के, २४ तासांनी ४० आणि सात दिवसांनी ११ टक्के होते. दुखणं बहुतेकांचं आपसूक उतरतं, त्यामुळे सातव्या दिवशी तिन्ही गट सारखे दिसले तरी त्यातून पद्धती सारख्या ठरत नाहीत. पहिल्या ४८ तासांतच पाहायचं.

मुख्य आकड्याला क्रुस्कल-वॉलिस (तिन्ही गटांची क्रमावरून तुलना), फरक निघाला तर जोडीजोडीने मान-व्हिटनी (दोन गटांची तशीच तुलना), बोनफेरोनीसह (अनेक तुलनांसाठी कडक केलेली मर्यादा). त्यासोबत क्रमवार रिग्रेशन: उपचाराआधीचा आकडा, ठोकल्यावरचं दुखणं आणि डॉक्टर हे तिन्ही आत धरून. उपचाराआधीचं दुखणं हाच नंतरच्या दुखण्याचा सर्वात ठाम अंदाज देतो. तो आकडा वगळला तर तीन गटांपैकी ज्यात योगायोगाने जास्त दुखणारे आले, तीच फाइल वाईट ठरेल.

फोनच्या आधीच्या सहा तासांत गोळी घेतली असेल तर त्या आकड्यापुढे ‘गो’ अशी खूण, आणि गोळी घेण्यापूर्वी किती दुखत होतं ते कार्डावरून उतरवायचं. ‘गो’ असलेला शून्य हा साधा शून्य म्हणून मोजायचा नाही. गोळीपूर्वीचा आकडा असेल तर तो, नसेल तर ती नोंद रिकामी. गोळ्यांची संख्या वेगळ्या तक्त्यात, गटनिहाय.